नाही महाराजा

पांगारवाडी, ता. दापोली
४ फेब्रुवारी २०२६

आप्पा भावजींना मैनावहिनीचा आशीर्वाद. मोठी आहे म्हणून देते. घ्यायचा की परत पाठवायचा, ते पत्र वाचून झाल्यावर ठरवा.

फोन करणार होते. पण रेंजसाठी सड्यावर चढायचं, आणि तिथून तुमच्या त्या बहिऱ्या कानात ओरडायचं, म्हणजे तुम्हाला सोडून सगळ्या वाडीला कळतं. त्यापेक्षा कागद बरा. त्यातून तुम्ही गावाच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्षांना बातमी लेखी जावी, आणि गावकीच्या पुढाऱ्याची, हरिश्चंद्राची, पोचायच्या आत माझी पोचावी.

तर भावजी, रविवारी पौर्णिमेला मी सहलीला गेले होते. चुलीच्या डोंगरावर.

हसू नका, तोच आपला डोंगर. वर कातळात कोरलेली जागा आहे ना, जिला आपण पांडवांची चूल म्हणतो? ती चूल नाही नि पांडवांची तर नाहीच. बुद्धाचं लेणं आहे ते. बौद्धवाडीतली माणसं माघी पौर्णिमेला तिथं जातात. त्यांच्यातली माझी मैत्रीण गंगा दरवर्षी म्हणते, "चल गो मैना", आणि मी दरवर्षी म्हणते, "पुढच्या वर्षी." यंदा कुळीथ उपटताना मनात आलं, पुढचं वर्ष कुणी बघितलंय? म्हटलं, "येते."

गंगा म्हणाली, "चांगली साडी नेस." मी ट्रंकेतली हिरवी काढली. तुमचे दादा गेल्यापासून तिची घडी मोडली नव्हती. म्हटलं, तिथं आपल्यातलं कोण बघायला येतंय! पहाटे टेम्पोपाशी गेले तर काय, सगळ्या बाया पांढऱ्याशुभ्र! ज्यांचे नवरे बाजूला विड्या ओढत उभे, त्यासुद्धा. आणि त्यांच्यात एकटी विधवा ती हिरवीगार, पावसातल्या कलमासारखी. गंगा हसून हसून रस्त्यावरच बसली. "अगो, आमच्यात पांढरी नेसतात हे तुला सांगायचंच राहिलं!" म्हटलं, "मेल्ये, गावानं इतकी वर्षं पांढरी नेस म्हणून डोकं खाल्लं तेव्हा नेसले नाही, आणि जिथं नेसायची तिथं हिरवी घालून आले."

टेम्पो खालच्या ओढ्यापर्यंत जातो. पुढं पाखाडीच्या दगडी पायऱ्या, आणि त्या संपल्या की नुसता कातळ. खाली कुणाच्या तरी भाजावळीचा धूर, वर पांगारा लालभडक. गंगेचे गुडघे आणि माझा दम, दोघी मिळून एक धड बाई होत होतो. दर वळणावर बसायचं, घावण्याचा तुकडा मोडायचा, पुढच्यांना शिव्या घालायच्या आणि उठायचं.

वर गेल्यावर मात्र गप्प झाले, आणि मी गप्प होणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. आत गार. मधोमध दगडाचा गोल, मोठं पातेलं पालथं घालावं तसा. त्याला स्तूप म्हणतात. त्याला ना डोळे, ना तोंड. म्हटलं बरं झालं, तोंडच नाही तर आपल्याकडे बघून वाकडं करायची भीती नाही.

एक भंते आले होते, म्हणजे त्यांचे साधू. पोरगंच ते, माझ्या दीपालीच्या वयाचं. सगळ्यांना आई म्हणत होतं. मी विचारलं, "बाबा, इथं मागायचं काय?" म्हणाले, "इथं काही मागत नाहीत, आई." म्हटलं, "मग एवढं चढवलंत कशाला?" तर म्हणतात, "खाली मागता ते सगळं मिळतं का?" मी पदराला हात पुसला नि बसले.

मग म्हणाले, सगळ्यांत मोठी जी आई असेल तिनं पहिली मेणबत्ती लावायची. गंगा पुढं झाली. मी म्हटलं, "थांब, मी बहात्तर." भावजी, बाईमाणसानं वय वाढवून सांगितल्याचं ऐकलंय कधी? गंगेनं मला असा चिमटा काढला की अजून निळं आहे. पण माझ्यासाठी बाजूला झाली. नवरा आहे का, कुंकू आहे का, कुणी विचारलं नाही. मी वाकले आणि मेणबत्ती लावली.

खाली आलो, खीर खाल्ली, घरी आले, पाय शेकले. गावात बाकी सगळं ठीक.

तुमची
मैनावहिनी


भांडुप, मुंबई
१० फेब्रुवारी २०२६

ती. गं. भा. मैनावहिनी यांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. हरिश्चंद्राचा निरोप त्याच्या आधी मिळाला होता. तुम्ही जे लिहायचे टाळलेत ते त्याने सविस्तर कळवले. टेम्पोतून उतरल्यावर तुम्ही थेट सहाणेवर, पालखी बसते त्या ओट्यापाशी गेलात आणि तिथे बसलेल्या मंडळींना उरलेली खीर देऊ केलीत. "घ्या, गोड आहे," असे म्हणालात. लवू गुरवाने हात पुढे केला होता, तो हरिश्चंद्राने मागे ओढला.

लेणी पाहायला माझी हरकत नाही. परदेशातून लोक लेणी पाहायला येतात. पण पाहणे वेगळे आणि तिथे बसून दिवा लावणे, त्यांच्या पंगतीत जेवणे वेगळे. गावात बोलले जात आहे की मैनाबाई त्यांच्यात गेली.

मी सुधारलेल्या विचारांचा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. नोकरीत होतो तेव्हा त्या समाजाच्या मित्रांबरोबर एका टेबलावर डबा खाल्ला आहे. परंतु मुंबई ती मुंबई आणि गाव ते गाव.

गावकीने ठरवले आहे की तुम्ही सहाणेवर येऊन चूक झाली असे म्हणावे. अन्यथा यंदाच्या शिमग्यात ग्रामदैवत भैरीची पालखी आपल्या दारी येणार नाही. मी मंडळाचा अध्यक्ष. माझ्याच घराबाबत असा ठराव व्हावा, यासारखी नामुष्की नाही. कृपया चेष्टा सोडून उत्तर द्यावे.

आपला
आप्पा


पांगारवाडी
१६ फेब्रुवारी २०२६

भावजी,

चेष्टा सोडून उत्तर देते, फक्त आधी थोडी करून घेते.

पाकिटावर गं. भा. लिहू नका. पोस्टमन पोरगा विचारत होता, हे गं. भा. म्हणजे बाईंची डिग्री का? म्हटलं, हो, नवरा मेल्यावर मिळते, फी लागत नाही.

आता तुमचा डबा. मुंबईत त्यांच्याबरोबर खाल्लंत ती सुधारणा, आणि मी डोंगरावर खाल्लं तो बाट. मग बाटतं काय, माणूस का दापोली तालुका? आणि एक सांगा. लहानपणी तुम्ही नि तुमचे दादा त्याच लेण्यात शेळ्या बांधायचात, पावसात त्याच दगडाला टेकून झोपायचात. दादांनीच मला सांगितलंय. एकदा तुम्ही घाबरून त्या स्तूपाला मिठी मारून रडलात, ते पण सांगितलंय. तेव्हा तुम्ही त्यांच्यात गेलात का शेळ्या गेल्या?

गावकीनं मला बोलावलं होतं. गेले. हरिश्चंद्र खुर्चीवर, बाकी ओट्यावर, मला बसा कुणी म्हणेना. मग मी लवू गुरवाच्या शेजारी जाऊन बसले, तो बिचारा तिथल्या तिथे आक्रसला. हरिश्चंद्र म्हणाला, "वयनी, तुमचं हे काय वय हाय का डोंगर चढायचं?" म्हटलं, "तेच तर गंगेला सांगत होते, पण तिथं वयाचा मान आहे म्हणतात." पोरं हसली. त्याला राग आला. म्हणाला, "चूक झाली म्हणा नि मोकळ्या व्हा." म्हटलं, "चूक एकच झाली, वय पाच वर्षांनी वाढवून सांगितलं. ती मी गंगेपाशी कबूल केलीय."

तेव्हापासून माझ्याशी कुणी बोलत नाही. काल दळण घेऊन गेले, तर गिरणीवाला म्हणतो लाइट नाही. गिरणी घरघरतेय, त्याच्या भुवयांवर पीठ उडतंय, आणि लाइट नाही! म्हटलं, "मग हे काय भैरी ओढतो का?" दळण तसंच परत आणलं. गंगेनं बुरोंडीच्या मासळी बंदरावर तिच्या भाचीकडं जाताना ते नेऊन दळून आणलं. भाकरीला जरा माशाचा वास येतो, मला चालतो.

दीपाली रत्नागिरीहून म्हणते, "आई, वाळीत टाकणं आता कायद्यानं गुन्हा आहे, मी तक्रार करते." म्हटलं, "थांब, आधी मी भांडून घेते. बऱ्याच वर्षांत कुणी माझ्याशी एवढं मनापासून भांडलं नाही."

आणि अध्यक्षसाहेब, घर आपलं एकच, दार एकच, पाटी तुमच्या नावाची. पालखी माझ्या दारात आली नाही तर तुमच्याही आली नाही. मी आत राहते एवढाच काय तो फरक.

मैनावहिनी


भांडुप, मुंबई
२१ फेब्रुवारी २०२६

ती. वहिनीस साष्टांग नमस्कार.

गं. भा. गाळले आहे.

तुमच्या पत्रावर मी हसलो नाही असे नाही. पण वहिनी, आता खरेच गंभीर व्हा. आपल्या दारात पालखी बसली नाही असे वडिलांच्या काळात घडले नाही, आजोबांच्या काळातही नाही. दादा होता तोवर पालखीचा पुढचा खांदा त्याचा. आपल्या अंगणात, खळ्यात शिरताना तो कसा एक गुडघा वाकवायचा, ते तुम्ही दारातून बघायचात. त्या घराला यंदा लोक वळसा घालून जाणार, हे तुम्हाला सहन होईल?

मी मार्ग काढला आहे. हरिश्चंद्राशी बोललो. तुम्ही धर्माबिर्माचे काही बोलायचे नाही. माफीही मागायची नाही. एकच वाक्य म्हणायचे: "मला काही माहीत नव्हतं, गंगाबाईनं भुलवून नेलं." एवढे म्हटलेत की संपले. गंगाबाईंना कोण विचारायला जाणार आहे? तशीही पालखी त्यांच्या वाडीत जात नाही. त्यांचे त्यात काय नुकसान?

माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन याच आठवड्यात आहे. धूळ, गुलाल वर्ज्य. यंदा शिमग्याला येता येणार नाही. म्हणून हे लिहून हात जोडतो.

आप्पा


पांगारवाडी
२६ फेब्रुवारी २०२६

भावजी,

नाही.

पत्र इथंच संपवणार होते, पण पाकिटाला पैसे पडतात, म्हणून पुढं लिहिते.

मला पालखी नको आहे असं समजू नका. खोटं कशाला बोलू? तुम्ही गुडघ्याचं लिहिलंत आणि मी ते पत्र दोनदा चुलीपाशी ठेवलं नि दोनदा उचललं. ढोल वाजायला लागले की माझं काम सुचत नाही. खळ्यात पालखी शिरते तेव्हा खांद्यावर दुसरं कुणी असलं तरी मला हेच दिसतात. वर्षातून एकदा, तेवढ्यापुरते. मी माजघराच्या दारामागे उभी असते, हरिश्चंद्राची सून वेदिका येऊन माझ्या दारात, माझ्या ताटानं ओवाळते, कारण मी ओवाळायचं नाही. तरी बघायला तर मिळतं. आता तेवढंही जाणार. हे तुम्हाला सांगितलं, गावाला सांगू नका.

तुमचं ते वाक्य गावात पसरलंय. काल गंगा मागच्या दारानं आली. मागच्या दारानं कधी येत नाही ती, म्हणून समजले. म्हणाली, "म्हण गो मैना, मीच नेलं म्हण. आमच्यावर एक आळ जास्त आला तर काय ओझं होतंय? तुझा देव तरी दारात येईल."

भावजी, मी तिच्यावर ओरडले. एवढ्या वर्षांत कधी ओरडले नव्हते. म्हटलं, "तुझं नाव काय माझं पायपुसणं आहे?" ती म्हणाली, "ओरडू नको, कुळीथ शिजतायत ते उतू चाललेत." खरंच चालले होते.

तुम्ही विचारता, त्यांचं काय नुकसान. उद्या त्यांच्यातलं कुणी आपल्या पोरीशी रस्त्यात दोन शब्द बोललं, की गाव म्हणणार, हे भुलवतातच, मैनाबाईला नव्हतं का भुलवलं? आणि पुरावा म्हणून माझं तोंड. ते मी देणार नाही.

पालखी गेली वळसा घालून तर जाऊ दे. मी खळं सारवून बसेन, बघू दे सगळ्यांना कुठलं घर सोडलं ते.

डोळ्याला जपा. हिरव्या पट्टीचा फोटो पाठवा, हसायला होईल.

मैनावहिनी


भांडुप, मुंबई
३ मार्च २०२६

ती. वहिनीस नमस्कार.

मुलाकडून लिहून घेत आहे, डोळ्यावर पट्टी आहे.

मंडळाच्या बैठकीला हरिश्चंद्र मुंबईस आला होता. समोरासमोर बोललो. प्रकरण मिटले आहे. १० तारखेला पालखी आपल्या दारी येईल. तुम्ही कुठे जायचे नाही, काही बोलायचे नाही. नेहमीप्रमाणे दारामागे उभे राहा. कसे मिटवले ते विचारू नका. शेवटी मी अध्यक्ष आहे.

आप्पा


पांगारवाडी
७ मार्च २०२६

आप्पा भावजी,

तुम्हाला एवढी वर्षं ओळखलं नाही, कान धरते.

तुम्ही त्या हरिश्चंद्राला समोर बसवून सुनावलंत! एका डोळ्यावर पट्टी बांधून! मला सगळं दिसतंय बघा. दादा असते तर म्हणाले असते, माझ्या भावाला मिशी आज फुटली.

खळं सारवलं. गिरणीत आपसूक लाइट आली. वेदिका कुंपणावरून म्हणाली, "काकी, ओवाळायला येते हां." गंगेला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्या सहज?" म्हटलं, माणसाबद्दल चांगलं बोल कधीतरी. तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तिनं शेवटची ओळ परत वाचायला लावली. संशयीच आहे ती.

फणस धरलाय. पहिला तुमचा.

मैनावहिनी


पांगारवाडी
११ मार्च २०२६

अध्यक्ष,

तुमच्या उत्तराला थांबत नाही. काल काय झालं ते कुणाकुणाच्या फोनवरून तुमच्यापर्यंत गेलंच असेल, प्रत्येकानं आपलं मीठ घालून. हे घ्या बिनमिठाचं.

पालखी सकाळीच आली. ढोल, ताशा, मुंबईची पोरं गुलालानं माखलेली. पुढचा खांदा आता वाडीतल्या विनीतचा असतो. खळ्यात शिरताना त्यानंही गुडघा वाकवला, कुणी शिकवला कोण जाणे. मी दारामागे होते. डोळे भरले, ते जाऊ दे. पालखी पाटावर बसली. वेदिका ताट घेऊन उभी. आणि हरिश्चंद्रानं नारळ हातात धरून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा भैरी महाराजा, सीमेच्या राखणदारा!"

"होय महाराजा!" सगळं खळं ओरडलं.

"ह्या घरावर तुझी नजर हाय."

"होय महाराजा!"

"ह्या घरची बाय भोळी. परक्या गंगीनं तिला भुलवली, डोंगरावर नेली. तिनं आपल्या दिराच्या तोंडून चूक कबूल केली. तिला पदरात घे."

सगळ्यांची तोंडं होय म्हणायला उघडली, भावजी, आणि त्याच्या आत माझं उघडलं. मी दारामागून पुढं कधी आले ते मला माहीत नाही.

"नाही महाराजा!"

ढोलवाल्याच्या हातातली काठी खाली पडली. गाऱ्हाण्यात नाही कधी कुणी ऐकलंच नव्हतं. हरिश्चंद्र म्हणाला, "वयनी, आत जा." आणि पुन्हा पहिल्यापासून. बा भैरी, सीमेच्या राखणदारा, बाय भोळी. मी पुन्हा म्हटलं, "नाही महाराजा! मी भोळी नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि चूक मी कबूल केलेली नाही." मुंबईचं एक पोरगं फस्सकन हसलं. तिसऱ्यांदा हरिश्चंद्रानं नारळ उचलला, तेव्हा लवू गुरव मधे आला. एरवी मान खाली घालून असतो तो. म्हणाला, "हरिश्चंद्रा, पुरे. ज्याच्या घरचं गाऱ्हाणं, तोच नाय म्हणतोय, तर ते देवाकडं पोचत नाय. आणि अर्ध्या गाऱ्हाण्यावर पालखी उचलता येत नाय."

मग सगळे तसेच उभे. ऊन चढलं. पुढं अजून वाडीभरची घरं राहिलेली, पोरांना रात्रीची गाडी. हरिश्चंद्र चिडून म्हणाला, "मग घालू दे तिलाच!" त्याला वाटलं मी लाजून आत पळेन.

मी पायऱ्या उतरले. नारळ त्याच्या हातातून घेतला, सोडायला जरा वेळ लावला त्यानं. पालखीसमोर उभी राहिले. इतक्या जवळून देव मी तुमचे दादा होते तोवरच बघितला होता. म्हटलं:

"बा भैरी महाराजा! मी मैना, तुझ्या गावची सून. माघी पौर्णिमेला चुलीच्या डोंगरावर गेले. कुणी नेलं नाही, माझ्या पायांनी गेले."

एक माणूस होय म्हणेना. कावळे तेवढे ओरडत होते.

"गंगा माझी मैत्रीण. तिनं भुलवलं असं तुझ्यापुढं आज सांगितलं गेलं, ते खोटं."

गप्प.

"मी तिथं दिवा लावला, खीर खाल्ली, आणि पुन्हा जाणार."

गप्प. वेदिकेच्या हातातल्या ताटातला दिवा फडफडायला लागला. मग मी श्वास घेतला नि एका दमात सुटले: "ह्याचा तुला राग असेल तर ऊठ नि चालू लाग, आणि राग नसेल तर हे सगळं मान्य करून घे, आणि ह्या माझ्या गावच्या लेकरांना सुखी ठेव, चाकरमान्यांच्या नोकऱ्या राख, आंब्याचा मोहोर गळू देऊ नको, पोरींना चांगली स्थळं दे, आणि हरिश्चंद्राची कंबर बरी कर रे महाराजा!"

"होय महाराजा!"

भावजी, सगळं खळं! मोहोराला आणि स्वतःच्या पोराबाळांना गप्प कोण बसणार? विनीत ओरडला, ढोलवाला ओरडला, गिरणीवाला सगळ्यांत मोठ्यानं ओरडला. आणि ओरडून झाल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

हरिश्चंद्र म्हणाला, "ते होय फक्त मोहोराला होतं."

लवू गुरव म्हणाला, "गाऱ्हाणं अर्धं मान्य होत नाय. देवापुढं होय म्हटलं ते सगळ्याला म्हटलं." आणि त्यानं नारळ फोडला.

वेदिका पुढं आली, पण पालखीकडे नाही, माझ्याकडे. ताट माझ्या हातात दिलं. सासऱ्यासमोर! मी ओवाळलं. कसं ओवाळलं ते लिहिता येणार नाही. एवढंच लिहिते, की तुमचे दादा मधे कुठं दिसतात का म्हणून ह्या वेळी मी शोधलं नाही. मला माझे हात दिसत होते.

दिराच्या तोंडून कबूल केली म्हणजे काय, ते पालखी गेल्यावर मी हरिश्चंद्राला विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. "आप्पांनी शपथेवर सांगितलं, वयनीनं गंगीचं नाव घेतलंय." तुमची मिशी मी परत घेते. फणसही.

गंगा वरच्या पाखाडीवर उभी राहून सगळं ऐकत होती. खाली त्यांनी यायचं नाही ना. संध्याकाळी मी तिच्याकडे गेले, पुढच्या दारानं. चहा केला तिनं. कप माझ्यापुढं सरकवत म्हणाली, "त्या देवापुढं माझं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं. घेतलं ते पण दोनदा, एकदा खोटं नि एकदा खरं." म्हटलं, "खरं जास्त मोठ्यानं घेतलं." म्हणाली, "हो, तुझा आवाज आधीच घोड्यासारखा."

गावातले निम्मे अजून बोलत नाहीत. बोलतील नाहीतर नाही बोलणार. चैत्री पौर्णिमेला आम्ही दोघी पुन्हा डोंगरावर जाणार. मी साडी कुठली नेसणार ते गंगेला विचारलेलं नाही.

माझ्या गाऱ्हाण्यात मी तुमचं नाव घेतलं नाही, भावजी. सगळ्यांपुढं दीर खोटा पडला असता, तेवढी लाज राखली. उरलेली तुमची तुम्ही राखायची. पट्टी सुटली की गाडीत बसा, दापोलीला उतरा, आणि आपल्या घरी यायच्या आधी गंगेच्या दारात जा. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही. ती चहा देईल. तो पिऊन झाला की मग इकडे या.

दार उघडं असेल.

मैना